नंदीध्वजांची वाट, पोरांची वाट

संक्रांत तोंडावर आली की सोलापुरात एक पाहणी निघते. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतले सात नंदीध्वज, म्हणजे माणसांनी पेलून न्यायच्या उंच काठ्या, ज्या रस्त्यांनी जाणार, त्या रस्त्यांवरून देवस्थानची माणसं, मानकरी, महापालिकेचे अभियंते, वीज कंपनीचे कर्मचारी आणि पोलीस फिरतात. वायर कुठं लोंबतेय, फांदी कुठं आडवी येते, कुठल्या वळणावर ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण रस्त्याच्या वर आलंय, खड्डा कुठं आहे, हे सगळं जागेवर बोट ठेवून दाखवलं जातं. दाखवणाऱ्यांत काठी पेललेली माणसं असतात. अंगात बाराबंदी, कमरेला पट्टा, पाय अनवाणी आणि नजर वर काठीच्या टोकाला, अशा अवस्थेत चालणाऱ्याला पायाखालचा दोन बोटांचा उंचवटा काय करू शकतो, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र'चा गजर सुरू व्हायच्या आत खड्डे बुजतात, वायरी वर जातात.

मी हे लहानपणापासून पाहत आलोय आणि दर वर्षी मनाला बरं वाटतं. त्यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की रस्त्याबद्दल आधी त्याला विचारलं जातं ज्याला त्यावरून चालायचंय. शिवाय काम तारखेच्या आत करावंच लागतं, कारण यात्रा कुणासाठी थांबत नाही. खुद्द सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शरण, म्हणजे लिंगायत संत. आपलं तळं त्यांनी लोकांना हाताशी धरून, लोकांच्या श्रमातून उभं केलं, असंच परंपरा सांगते. लोकांना बरोबर घेऊन सार्वजनिक काम करणं ही या गावाला बाहेरून आणायची गोष्ट नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: नंदीध्वजांच्या वाटेला आपण जी पद्धत लावतो, ती पोरांच्या शाळेच्या वाटेला लावा. विडी कामगार बाईच्या, दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्याच्या वाटेला लावा. रस्ता सुरक्षेचं नियोजन त्या रस्त्यावर रोज पाय ठेवणाऱ्यांबरोबर चालून सुरू झालं पाहिजे, आणि तेही आराखडा काढायच्या आधी. आराखडा पक्का झाल्यावर मागवलेल्या 'हरकती व सूचनां'ना फार अर्थ उरत नाही.

पूर्व भागातल्या एका मोठ्या रस्त्यावर दुभाजकाला एक फट आहे. माणूस अंग चोरून जाईल एवढीच. कुणीतरी दुभाजक फोडून ती केली. ती बुजवली गेली, पुन्हा फुटली. मी निवृत्त शिक्षक. माझी शाळा त्याच रस्त्याच्या पलीकडे होती, म्हणून ती फट मी वर्षानुवर्षं पाहिलीय. सकाळी तिथं थोडा वेळ उभं राहिलं की ती कुणासाठी आहे ते कळतं. काखेत विड्यांची टोपली, तीवर ओलं फडकं, अशा बाया येतात. दुभाजकापाशी थांबतात, एक हात टोपलीवर आणि दुसरा पुढच्या बाईच्या खांद्यावर. ट्रक गेला, मग टेम्पो, मग दोन मोटारसायकली, आणि मग तिघी-चौघी एकदम पळतात. पळताना एकीची चप्पल निघाली तर ती उचलायला मागं फिरत नाही. पलीकडे जाऊन उभी राहते आणि मधल्या वाहनांखालून आपली चप्पल दिसतेय का ते बघते.

एकीला मी विचारलं होतं, चौकातनं का जात नाही? म्हणाली, "चौक लई लांब पडतंय की सर. तितकं चालत जायचं, परत तितकंच उलटं यायचं. कारखान्यात उशीर झाला की नंबर मागं जातंय. इथनं नाही जायचं तर कुठनं जायचं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुभाजक बांधताना हाच प्रश्न कुणी या बायांना विचारला असता, तर ती फट बांधणाऱ्यांनीच ठेवली असती. तिला उतार दिला असता, पट्टे मारले असते, मध्ये चार माणसं उभी राहतील एवढी जागा सोडली असती आणि गाड्या तिथं हळू होतील अशी व्यवस्था केली असती. आपण मात्र त्या फटीकडे बघतो आणि म्हणतो, लोकांना शिस्त नाही. मला ते लोकांनी दिलेलं निवेदन वाटतं. त्यावर आवक क्रमांक नाही, म्हणून ते कुणी वाचत नाही.

आकडा एकदा डोळ्यांखालून घालू. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांत दुचाकीवरचे ४४.५ टक्के आणि पायी चालणारे १९.५ टक्के. म्हणजे दर तिघांतले जवळपास दोघं असे, की ज्यांच्या अंगाभोवती पत्र्याचंसुद्धा कवच नव्हतं. सोलापूर हे अशाच माणसांचं शहर आहे. २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख लोकसंख्या. सिटी बसची अवस्था सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे जमेल तो दुचाकी घेतो आणि बाकीचे शेअर रिक्षात नाहीतर पायी. याच शहराला पुणे-हैदराबाद महामार्ग, धुळ्याकडून विजयपूरकडे जाणारा महामार्ग, अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शीचे रस्ते येऊन भिडतात. जिल्हा साखर कारखान्यांचा. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर संध्याकाळच्या अंधारात पुढं असतात, आणि मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर आहे की नाही हे अगदी जवळ गेल्यावरच कळतं.

वेगाचं गणितही साधं आहे, ते मी सातवीच्या पोरांना फळ्यावर करून दाखवायचो. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते. समोर पोर आलं हे दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत तेवढा एक सेकंद जातोच. मग ब्रेक लागून थांबायला जवळपास तेवढंच अंतर आणखी. ताशी ३० नं हेच सगळं १३-१४ मीटरमध्ये संपतं. म्हणजे ३० नं येणारी गाडी जिथं थांबलेली असते, तिथं ५० नं येणाऱ्या गाडीचा ब्रेक लागायलाच सुरुवात होते. शाळेपाशी गाडी ३० नं यावी की ५० नं, हा प्रश्न 'वाहतूक सुरळीत' ठेवण्याच्या खाली दाबला जातो. तो तिथं दाबू नये, हे म्हणायला बैठकीत कुणीतरी पालक बसलेला असावा लागतो.

सध्या लोकांचं म्हणणं ऐकलं जाण्याचा एकच मार्ग उरलाय, आणि तो फार महाग आहे. कुणीतरी मरतं. बहुधा शाळकरी मूल, नाहीतर दुचाकीवरचं जोडपं. संतापलेले लोक रस्त्यावर बसतात. अधिकारी येतात, लेखी आश्वासन देतात. दोन दिवसांत डांबराचा एक उंचवटा तिथं पडतो. त्याला गतिरोधक म्हणायचं. लोक घरी जातात आणि फाईल बंद होते.

रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकाप्रमाणे गतिरोधक गोलाकार हवा, ३.७ मीटर रुंद आणि मध्यावर १० सेंटिमीटर उंच. ताशी २५ च्या वेगानं गाडी त्यावरून विनात्रास जावी, असा त्याचा हिशेब असतो. आधी फलक हवा, वर पट्टे हवेत. आपल्याकडे रात्रीतून पडतो तो हातभर रुंदीचा, टोकदार, बिनरंगाचा. अशाच एकावर मी आणि माझी पत्नी स्कूटरवरून पडलो. रस्त्यावर दिवे नव्हते, गतिरोधक आदल्या दिवशीच झाला होता. तिचं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण आजही भाकरी थापताना ती डावा हात मध्येच थांबवते. तो गतिरोधक कुणी केला हे विचारायला मी दोन कार्यालयांत गेलो. दोन्हीकडे सांगितलं, तो आमचा नाही. ज्या मुलाच्या अपघातानंतर तो झाला, त्याच्या वस्तीतल्या लोकांनी तो मागितला होता, कारण मागता येण्यासारखी तेवढी एकच गोष्ट त्यांना माहीत होती.

म्हणून मला राग लोकांचा येत नाही. त्यांना दुखणं सांगायची संधी मिळाली नाही, औषधाचं नाव तेवढं ओरडता आलं. बसून बोलणं झालं असतं तर कळलं असतं, की मुलं रस्ता ओलांडतात ती तिथून वीस पावलं पुढं, कारण रिक्षा तिथं थांबतात. रिक्षा थांबा हलवणं हाच कदाचित उपाय होता. आणि तो कुठल्याही गतिरोधकापेक्षा स्वस्त होता.

नेदरलँड्स हा देश आज सायकलींसाठी ओळखला जातो. १९७१ साली तिथं रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत ४०० हून अधिक मुलं होती. तिथले पालकही आधी रस्त्यावरच उतरले, त्यांनीही गल्ल्या अडवल्या. फरक पुढं पडला. सरकारनं त्या चळवळीला पैसा दिला, आणि वस्तीतले रस्ते कसे असावेत या विचारात त्या लोकांना जागा मिळाली. आपल्याकडे रास्ता रोको करणाऱ्यांवर गुन्हा दाखल होतो किंवा त्यांना आश्वासन मिळतं. नियोजनाच्या टेबलावर खुर्ची मिळत नाही.

आता 'ब्लॅक स्पॉट'बद्दल. केंद्राच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गावरच्या सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं गेली, की ती जागा ब्लॅक स्पॉट ठरते. मग तिच्यावर अभ्यास होतो, निधी येतो. व्याख्या चुकीची आहे असं मी म्हणत नाही. मोठ्या रस्त्यांवर प्राधान्य ठरवायला काहीतरी माप लागतंच. पण वस्तीतल्या रस्त्यालाही आपण मनात हेच माप लावून बसलोय, आणि या मापाचा अर्थ असा होतो की जागा धोक्याची आहे हे आधी माणसांनी मरून सिद्ध करायचं. शिवाय हे आकडे पोलिसांत नोंद झालेल्या अपघातांचे. रस्त्यावर पडून, कपडे झटकून, लंगडत घरी गेलेला माणूस कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतो.

त्याची नोंद दुसरीकडे असते. माझ्या ओळखीचं एक पंक्चरचं दुकान आहे, चौकाच्या कोपऱ्यावर. दुकानदार रोज सकाळी दुकानासमोरचं झाडतो. त्याच्या केरात काय असतं ते एकदा बघा: इंडिकेटरचे नारिंगी तुकडे, आरशाच्या काचा, मडगार्डचं फुटकं प्लास्टिक. हे सगळं तो भिंतीच्या कडेला लोटतो. पावसाळ्यात हा ढीग लवकर वाढतो, असं त्याचं निरीक्षण आहे, आणि कारणही त्याला माहीत आहे. चौकाच्या उताराला पाणी साचतं, खड्डा दिसत नाही, दुचाकीवाला आयत्या वेळी उजवीकडे कापतो आणि मागच्याच्या अंगावर जातो. दुकानात हळद आणि कापूस ठेवलेला असतो. गेल्या कित्येक वर्षांत किती माणसं उचलून बाकड्यावर बसवली, याची मोजदाद त्यानं ठेवलेली नाही. त्याला कधी कुणी काही विचारलेलं नाही.

असा माणूस प्रत्येक चौकात आहे. चहाची टपरीवाला, रिक्षा थांब्यावरचा जुना चालक, शाळेच्या फाटकावरचा शिपाई. सिव्हिल हॉस्पिटलच्या अपघात विभागातल्या परिचारिका आणि गावोगावचे हाड बसवणारे यांनाही विचारलं, तर पोलिसांच्या नोंदीत नसलेला सोलापूरचा अर्धा नकाशा तयार होईल. त्यासाठी कुणी मरायची वाट पाहावी लागणार नाही.

यावर अभियंते जे म्हणतात, ते मी ऐकलंय आणि त्यात तथ्य आहे. लोकांना विचारलं तर प्रत्येकाला आपल्या दारात गतिरोधक हवा असतो. दुकानदाराला पार्किंग हवं, हातगाडीवाल्याला कोपरा हवा, घरमालकाला फुटपाथवर गेटचा उतार हवा. नवी पेठेत संध्याकाळी चालून बघा. पायी माणसासाठी ठेवलेल्या जागेत गाड्या लागलेल्या, आणि गाड्यांच्या जागेत पायी माणूस. हे महापालिकेनं केलेलं नाही, आपण केलंय. हेल्मेट डोक्यावर नसतं, आरशाला अडकवलेलं असतं. पोराला पुढं टाकीवर बसवून उलट्या बाजूनं चाललेले बाप मी शाळेच्या फाटकावर रोज पाहिले, त्यांतले काही माझेच जुने विद्यार्थी होते. मी त्यांना बोललो, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तसेच आले.

'लोक' ही एकजिनसी गोष्ट नाही, हे कबूल करूनच पुढं जावं लागतं. जो सभागृहात येऊन बोलतो त्याचं हित वेगळं आणि जी टोपली घेऊन दुभाजकापाशी उभी असते तिचं वेगळं. पण म्हणून कुणालाच विचारू नये असं होत नाही. सगळ्यांना विचारावं, आणि समोरासमोर विचारावं, हाच त्यातून निघणारा निष्कर्ष आहे. दुकानासमोर गाडी लागली नाही तर धंदा बुडेल असं म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला त्या गाडीला वळसा घालून ट्रकसमोर येणारी बाई दिसली पाहिजे, आणि त्या बाईला त्याच्या धंद्याची काळजी कळली पाहिजे. दुखतंय कुठं हे लोकांनी सांगावं, औषध अभियंत्यानं ठरवावं. रस्त्याची वक्रता, पाण्याचा उतार, सिग्नलचे सेकंद हे मत घेऊन ठरत नाहीत, ते त्यांचंच काम आहे. फक्त दुखणं न ऐकता चिठ्ठी लिहू नये.

आणि ऐकायचं असेल तर ऐकता येईल अशा वेळी, अशा भाषेत जावं लागेल. आपल्याकडे नागरिकांची बैठक म्हणजे कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता एखाद्या सभागृहात. त्या वेळी विडी कामगार पानं कापत असते, यंत्रमागावरचा कामगार पाळीवर असतो. पोरं शाळेत. येतात ते निवृत्त लोक, माझ्यासारखे. शहराला काही दिवसांआड पाणी येतं. ज्या भागात पाण्याचा दिवस असेल त्या दिवशी तिथली एकही बाई घर सोडणार नाही, हे बैठकीची तारीख ठरवणाऱ्याला माहीत असायला हवं. भाषेचं तर सांगायलाच नको. अशोक चौकाच्या पुढं तेलुगू, होटगी रस्त्याला आणि अक्कलकोटकडे कन्नड, कित्येक पेठांत उर्दू-दखनी. आमच्या वर्गात मराठी धरून या चारही भाषा बाकांवर शेजारी बसायच्या. मराठीत छापलेली जाहीर सूचना आणि मोबाइलवर भरायचा फॉर्म एवढ्यावर विडी घरकुलातली आजी पोहोचत नाही. तिच्या दारात जाऊन तिच्या भाषेत विचारणारी अंगणवाडी ताई किंवा आशा ताई आपल्याकडे आहे. तिला त्या कामाचे वेगळे पैसे देऊन सोबत घ्यावं.

स्मार्ट सिटीच्या वेळी हे अनुभवून झालंय. २०१६ च्या जानेवारीत पहिल्या २० शहरांच्या यादीत सोलापूरचं नाव आलं, तेव्हा आनंद झाला होता. नागरिकांचा सहभाग हा त्या निवडीचा एक निकषच होता. सूचना मागवल्या गेल्या, लोकांनी उत्साहानं दिल्याही. काही रस्ते देखणे झाले, ते मी नाकारत नाही. पण सूचना दिलेल्या माणसाला तिचं पुढं काय झालं हे कळलं नाही. एकदा असं झालं की माणूस दुसऱ्यांदा सांगायला येत नाही. म्हणून माझ्या मते सगळ्या प्रक्रियेचा कणा म्हणजे उत्तर. प्रत्येक सूचनेला लेखी उत्तर: होईल, या तारखेला, या अधिकाऱ्याकडून, किंवा होणार नाही, या कारणानं. 'नाही'सुद्धा चालेल. आपल्या लोकांना नकार पचतो, दुर्लक्ष पचत नाही.

कायद्यात जागा आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनं तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या. महाराष्ट्रानं २००९ साली त्याही खाली क्षेत्रसभेची तरतूद केली. मतदान केंद्राच्या परिसरातले मतदार एकत्र बसतील, आपल्या भागातली कामं आणि त्रुटी सांगतील, नगरसेवक ती सभा घेईल. दोन वर्षांत किमान चार सभा घेतल्या नाहीत तर त्याचं पद जाऊ शकतं, इथपर्यंत ही तरतूद जाते. तरीही अशी सभा आपल्या भागात झाल्याचं आठवणारा माणूस मला अजून भेटायचाय. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर १०२ नगरसेवक पुन्हा सभागृहात आले आहेत. त्यांच्यापैकी कुणी पहिली क्षेत्रसभा फक्त रस्ता सुरक्षेवर बोलावली, तर तो माझ्या पक्षाचा आहे की नाही हे मी बघणार नाही. पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचवलेली छोटी कामं घेतली जातात. त्यात उणिवा आहेत, पण आपल्या गल्लीतला फुटपाथ अंदाजपत्रकाच्या पानावर येऊ शकतो हे तिथल्या माणसाला ठाऊक आहे. इथं ते ठाऊक नाही.

मोठ्या कामांच्या मी विरोधात नाही. जुना पुणे नाका ते पत्रकार भवन आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला, या दोन उड्डाणपुलांचं आपण कित्येक वर्षं ऐकतोय. ते व्हावेत. जड वाहनं शहराबाहेरून जावीत. पण उड्डाणपुलाच्या भूसंपादनाला जेवढा काळ लागतो तेवढ्यात पहिलीत गेलेलं मूल दहावी होऊन बाहेर पडतं. त्या मुलाला आजच्या आज हवा आहे तो शाळेच्या फाटकासमोर रंगवलेला पट्टा, दोन दिवे, कोपऱ्यावरचा रस्ता निमुळता करणारे चार खांब. हे आधी कच्चं करून बघता येतं. वाळूची पोती, पत्र्याची पिंपं आणि चुना एवढ्या सामानात महिनाभर वळण बदलून बघावं. गाड्या हळू झाल्या का, रिक्षावाल्यांची अडचण काय, रुग्णवाहिका वळते का, हे बघून चुकलं असेल ते सरकवावं आणि मगच सिमेंट ओतावं. पिंप हलवायला टेंडर लागत नाही. चुकीचा बांधलेला दुभाजक मात्र वीस वर्षं तिथंच असतो.

खरी अडचण मालकीची आहे. नागरिकाला रस्ता एकच दिसतो. पण काही भाग महापालिकेचा, काही सार्वजनिक बांधकामचा, काही राष्ट्रीय महामार्गाचा. खांब वीज कंपनीचा, सिग्नलची जबाबदारी आणखी कुणाची, आणि नियमन पोलिसांचं. माझ्या पत्नीच्या मनगटाचा गतिरोधक म्हणूनच कुणाचा नव्हता. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९८ अ हे कलम आलं: रस्त्याच्या रचनेत आणि देखभालीत ठरलेली मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड. पण जबाबदार कोण हेच कळत नसेल तर कलम कुणाला लावायचं? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा रस्ता सुरक्षा समिती या सगळ्या खात्यांना एका टेबलावर आणते. प्रत्येक मोठ्या रस्त्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला, कुठून कुठपर्यंत हा रस्ता कुणाचा आणि फोन कुणाला करायचा, एवढा फलक तिनं लावायला लावला तरी खूप होईल. आणि तिच्या बैठकीत चार खुर्च्या कायमच्या त्यांच्यासाठी ठेवाव्यात ज्यांच्याकडे गाडी नाही.

पायी माणसाला मान द्यायला आपल्या प्रशासनाला येत नाही असं मुळीच नाही. कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला हजारो माणसं चालत निघतात, तेव्हा त्या मार्गावरची वाहतूक दुसरीकडे वळवली जाते आणि महामार्ग चालणाऱ्यांचा होतो. पंढरपूरकडे येणाऱ्या पालखी मार्गांच्या आराखड्यात रस्त्याच्या कडेला वारकऱ्यांसाठी चालायची वेगळी वाट धरलेली आहे. माणसं चालणार हे आधी मान्य केलं की रस्त्याच्या नकाशात त्यांना जागा मिळते. टोपली घेतलेली बाई वर्षाचे तीनशे दिवस चालते.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी सातवीच्या मुलांना घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला सांगितला होता. भूगोलाचा तास होता, दिशा आणि प्रमाण शिकवायचं होतं. प्रमाण कुणालाच जमलं नाही. पण मुलांनी जे काढलं ते मी ठेवून दिलंय. बहुतेकांनी घर लहान आणि रस्ता अवाढव्य मोठा काढला होता. एकानं गटाराच्या उघड्या चेंबरवर लाल पेन्सिलनं फुली मारली होती. एका मुलीच्या नकाशात दुभाजकाची ती फट होती, आणि तिच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'इथं मी बहिणीचं दप्तर पण घेते, म्हणजे तिला पळता येतं.'

ते बेचाळीस कागद एका फाईलमध्ये माझ्याकडे आहेत. आमच्या प्रभागात पायी पाहणी निघाली तर मी ते घेऊन येईन. वेळ सकाळी साडेसहाची ठेवा, पहिल्या घंटेच्या आधीची. सुरुवात शाळेच्या फाटकापासून करू आणि उलट्या दिशेनं मुलांच्या घरांकडे चालत जाऊ. अभियंत्यांनी मोजपट्टी आणावी. पंक्चरवाल्याला मी सांगून ठेवलंय, तो दुकान अर्धा तास उशिरा उघडायला तयार आहे.